मांजरांमधील कीटकवाहित परजीवी संसर्ग

मांजरांमधील कीटकवाहित परजीवी संसर्ग म्हणजे डास, पिसू, घोडमाशी, वालुमाशी अशा कीटकांमार्फत मांजराच्या शरीरात शिरणाऱ्या परजीवींमुळे होणारे रोग होत. हृदयकृमी, त्वचेखालील तंतुकृमी, पिसवांमार्फत पसरणारा पट्टकृमी आणि सर्रा हे त्यांतील प्रमुख रोग आहेत. एकत्र ठेवलेल्या, भटक्या अवस्थेतून आणलेल्या आणि पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या मांजरांमुळे निवारागृहांत या रोगांना विशेष महत्त्व आहे. यांतील काही रोग रक्ततपासणीत सहज सापडत नाहीत. हृदयकृमीसारख्या रोगावर मांजरासाठी सुरक्षित असा निर्णायक उपचारही नाही. त्यामुळे या रोगांच्या बाबतीत उपचारापेक्षा प्रतिबंधाला अधिक महत्त्व दिले जाते.

व्याप्ती

कीटक हे सहा पायांचे संधिपाद प्राणी आहेत. गोचीड आठ पायांची असून ती कोळ्यांच्या वर्गात मोडते. म्हणून गोचिडीमार्फत होणारे बबेसियासारखे रोग काटेकोर अर्थाने कीटकवाहित ठरत नाहीत. व्यवहारात मात्र पिसू आणि गोचीड यांचे नियंत्रण एकत्रच केले जाते.

कीटक परजीवीचा प्रसार दोन प्रकारे करतो. पहिल्या प्रकारात परजीवीच्या जीवनचक्रातील एक टप्पा कीटकाच्या शरीरातच पूर्ण होतो. हृदयकृमीचा डिंभ डासात आणि पट्टकृमीचा डिंभ पिसवेत वाढतो; तेथे कीटक हा मध्यस्थ पोषक असतो. दुसऱ्या प्रकारात परजीवीची कोणतीही वाढ कीटकात होत नाही. एका प्राण्याचे रक्त शोषताना तोंडाला लागलेले परजीवी माशी लगेच दुसऱ्या प्राण्याकडे नेते. सर्रा हा रोग असा पसरतो.

हृदयकृमी

हृदयकृमी हा डायरोफायलेरिया इमिटिस या नावाचा, दोऱ्यासारखा लांब व पांढरट गोलकृमी आहे. त्याचे मूळ पोषक श्वानकुलातील प्राणी, म्हणजे कुत्रा, कोल्हा व लांडगा, हे होत. कुत्र्यात मादी २५ ते ३० सेंमी.पर्यंत वाढते, नर त्याहून आखूड असतो. हे कृमी मुख्यतः फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिण्यांत राहतात. संख्या वाढली, की ते हृदयाच्या उजव्या भागातही आढळतात.

जीवनचक्र

बाधित कुत्र्याच्या रक्तात मादी कृमीने सोडलेले सूक्ष्म डिंभ फिरत असतात. डासाने असे रक्त शोषले, की ते त्याच्या शरीरात जातात आणि तेथे दोनदा कात टाकून संसर्गक्षम होतात. या वाढीला उष्णता लागते. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानाला ती दहा ते चौदा दिवसांत पूर्ण होते. तापमान १४ अंशांच्या खाली गेले, की थांबते. डास पुढच्या प्राण्याला चावतो तेव्हा डिंभ त्याच्या सोंडेतून त्वचेवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. काही आठवडे त्वचेखालील ऊतींत वाढल्यावर ते रक्तवाहिन्यांत येतात आणि अडीच ते तीन महिन्यांनी फुप्फुसाच्या रोहिण्यांपर्यंत पोहोचतात.

क्युलेक्स, एडिस, ॲनोफेलिस, मॅन्सोनिया अशा अनेक प्रजातींचे डास हृदयकृमीचे वाहक ठरू शकतात. एका मांजरापासून दुसऱ्या मांजराला स्पर्श, लाळ किंवा विष्ठा यांद्वारे हा रोग होत नाही. मध्ये डास असावाच लागतो.

मांजरातील वेगळेपण

मांजर हे या कृमीचे स्वाभाविक पोषक नव्हे. तिच्या शरीरात शिरलेल्या डिंभांपैकी बहुतेक पूर्ण वाढ होण्यापूर्वीच मरतात. त्यामुळे कुत्र्यात डझनावारी कृमी सापडत असताना मांजरात सहसा एक ते तीनच प्रौढ कृमी आढळतात. कुत्र्यात ते पाच ते सात वर्षे जगतात, मांजरात दोन ते चार वर्षे. एखाद्या प्रदेशातील प्रतिबंधक औषध न दिलेल्या कुत्र्यांत जे प्रमाण असते, त्याच्या ५ ते २० टक्के प्रमाण तेथील मांजरांत असते असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो.

संख्या कमी म्हणून धोका कमी, असा निष्कर्ष यावरून निघत नाही. मांजराचे शरीर लहान, रोहिण्या अरुंद आणि फुप्फुसाची प्रतिक्रिया तीव्र असते. एखाद-दुसरा कृमीही तिचा प्राण घेऊ शकतो.

लक्षणे

रोगाच्या दोन अवस्था दिसतात. पहिली संसर्गानंतर तीन-चार महिन्यांनी येते. अपक्व कृमी फुप्फुसाच्या रोहिण्यांत पोहोचून मोठ्या संख्येने मरतात आणि त्यामुळे रोहिण्या, श्वासनलिका व वायुकोश यांचा दाह होतो. मांजर खोकते, तिला धाप लागते, श्वासाबरोबर शीळ घातल्यासारखा आवाज येतो. ही लक्षणे दम्यासारखी असल्याने रोगाची ओळख चुकण्याचा संभव असतो. कृमी प्रौढ न होताच मेले, तरी फुप्फुसाची हानी मागे राहते.

यातून वाचलेले कृमी प्रौढ झाले, की लक्षणे काही काळ मंदावतात. दुसरी अवस्था प्रौढ कृमी मरतो तेव्हा येते. त्याचे तुकडे रक्तप्रवाहाबरोबर पुढे जाऊन फुप्फुसाच्या वाहिन्या अडवतात, तीव्र दाह होतो आणि वरवर निरोगी वाटणारी मांजर काही तासांत दगावू शकते. याखेरीज जेवणाशी संबंध नसलेल्या उलट्या, भूक मंदावणे, वजन घटणे व सुस्ती ही लक्षणे दिसतात. उलटी हे पोटाच्या विकाराचे लक्षण समजले जात असल्याने फुप्फुसाकडे लक्ष जाण्यास उशीर होतो.

निदान

कुत्र्यात रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून किंवा प्रतिजन चाचणीने निदान बहुधा होते. मांजरात दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. तिच्या रक्तात सूक्ष्म डिंभ क्वचितच आणि थोड्याच काळापुरते आढळतात. प्रतिजन चाचणी प्रौढ मादी कृमीचा अंश ओळखते. शरीरात फक्त नर किंवा अपक्व कृमी असल्यास ती नकारात्मक येते. प्रतिपिंड चाचणी संसर्ग होऊन गेल्याचे सांगते, पण कृमी आज जिवंत आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून दोन्ही चाचण्या, छातीची क्ष-किरण प्रतिमा आणि हृदयाची श्राव्यातीत ध्वनिचित्रण तपासणी यांचा एकत्र विचार करावा लागतो. एका चाचणीच्या नकारात्मक निकालावरून मांजर रोगमुक्त ठरवता येत नाही.

उपचार

कुत्र्यातील प्रौढ कृमी मारण्यासाठी मेलार्सोमीन हे आर्सेनिकयुक्त औषध टोचले जाते. मांजरासाठी ते विषारी ठरू शकते. शिवाय कृमी एकदम मेल्याने वाहिन्या अडून मृत्यू ओढवण्याची भीती असते. म्हणून ते मांजराला देत नाहीत. दाह कमी करणारे प्रेडनिसोलोन, श्वासनलिका रुंदावणारी औषधे, गरज पडल्यास प्राणवायू आणि विश्रांती यांच्या आधारे कृमी स्वाभाविकपणे मरेपर्यंत मांजराला सांभाळणे, एवढाच मार्ग बहुधा उरतो. काही प्रसंगी शस्त्रक्रियेने कृमी काढतात. त्यासाठी विशेष सुविधा लागतात.

त्वचेखालील तंतुकृमी

डायरोफायलेरिया रेपेन्स हा हृदयकृमीचा जवळचा नातेवाईक होय. तोही डासांमार्फत पसरतो, परंतु हृदयाकडे न जाता त्वचेखालील ऊतींत राहतो. कुत्रा आणि मांजर या दोघांत तो आढळतो. अनेकदा लक्षणे नसतात. काही वेळा त्वचेखाली न दुखणारी गाठ, खाज किंवा केस गळणे दिसते.

भारतात या दोन कृमींचे वितरण सारखे नाही. हृदयकृमीचा प्रादुर्भाव आसाम, मिझोराम अशा ईशान्येकडील राज्यांतील कुत्र्यांत अधिक आढळतो. केरळसह दक्षिण भारतात आणि मुंबईतील कुत्र्यांत रेपेन्स आढळलेला आहे. कोकणपट्टीतील प्राण्यांचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण रक्तात दिसलेला प्रत्येक सूक्ष्म डिंभ हृदयकृमीचा नसतो. जाती ओळखण्यासाठी डिंभाची रचना, विशेष रंजनक्रिया किंवा जनुकीय चाचणी यांचा आधार घेतात.

पिसू आणि पट्टकृमी

मांजराच्या अंगावरील सर्वांत नित्याचा कीटक म्हणजे पिसू. मांजरी पिसू, शास्त्रीय नाव टेनोसेफॅलिडिस फेलिस, ही नावाने मांजराची असली तरी कुत्र्यावरही राहते. तिच्यामार्फत डिपायलिडियम कॅनिनम हा पट्टकृमी पसरतो. मांजराच्या आतड्यातील या कृमीचे खंड विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ताजे असताना ते हालचाल करतात. वाळल्यावर शेपटीखालच्या केसांना किंवा अंथरुणाला चिकटलेल्या तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात. त्यांतील अंडी पिसवेची अळी खाते आणि पिसू प्रौढ होईपर्यंत तिच्या शरीरात कृमीचा डिंभ तयार होतो. अंग चाटताना मांजर पिसू गिळते आणि सुमारे तीन आठवड्यांत नवा पट्टकृमी तयार होतो.

हा कृमी सहसा प्राणघातक नसतो. प्राझिक्वान्टेल या औषधाने तो जातो. परंतु पिसवा राहिल्या, तर तो पुन्हा येतो. पिसवेची अंडी मांजराच्या अंगावरून खाली गळतात. अळ्या व कोश अंथरूण, फटी आणि माती यांत वाढतात. कोशावस्थेतील पिसू अनुकूल परिस्थितीची वाट पाहत कित्येक महिने राहू शकते. म्हणून केवळ मांजरावर औषध टाकून भागत नाही. जागाही स्वच्छ करावी लागते. पिसवांचा भार फार वाढल्यास लहान पिल्ले रक्तक्षयाने मरतात.

सर्रा

ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या एकपेशीय परजीवीमुळे होणाऱ्या रोगास सर्रा म्हणतात. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात हा परजीवी शोधून काढला. घोडमाशा त्याचा प्रसार करतात. गाई-म्हशींत रोग बऱ्याचदा सुप्त राहतो. घोडे, उंट, कुत्रे आणि मार्जारकुलातील प्राणी यांत तो तीव्र रूप घेऊ शकतो. बाधित जनावराचे ताजे मांस खाल्ल्यानेही मांसाहारी प्राण्यांना संसर्ग होतो. मांजरात ताप, चेहऱ्यावर सूज, डोळ्याच्या पारपटलावर धूसरपणा आणि रक्तक्षय दिसतो. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००० साली अनेक वाघ या रोगाने मृत्युमुखी पडले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या परजीवीला आणखी एक महत्त्व आहे. माणसाच्या रक्तद्रवातील एपीओएल-१ हे प्रथिन त्याला मारते, म्हणून माणसाला सर्रा होत नाही असे मानले जात होते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी आढळला. माणसातील या संसर्गाची ही पहिली सिद्ध नोंद ठरली. सुरामीन या औषधाने रुग्ण बरा झाला. त्याच्या शरीरात ते संरक्षक प्रथिन कार्यक्षम स्वरूपात नव्हते, असे पुढील संशोधनात दिसून आले.

निवारागृहांतील प्रश्न

निवारागृहात येणारी मांजरे वेगवेगळ्या वस्त्यांतून येतात. काहींनी उघड्यावर अनेक पावसाळे काढलेले असतात. गर्दी, अपुरा आहार आणि ताण यांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. एकाच आवारात कुत्रेही ठेवलेले असल्यास बाधित कुत्रा हा डासांसाठी डिंभांचा साठा ठरतो. एका मांजराकडून दुसऱ्या मांजराकडे हृदयकृमी जाण्याचा संभव फार थोडा असतो. कुत्र्याकडून डासामार्फत मांजराकडे जाण्याचा मार्ग मात्र खुला असतो. म्हणून मांजरांचे रक्षण करायचे, तर आवारातील कुत्र्यांची तपासणी व उपचार हा त्याचाच भाग होय.

सर्वसाधारणपणे पुढील उपाय केले जातात :

• नव्या मांजराला काही दिवस वेगळे ठेवून पिसवांसाठी बारीक दातांच्या फणीने तपासणे आणि विष्ठेची तपासणी करणे.

• पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरमहा प्रतिबंधक औषध देणे. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन ही औषधे आधीच्या महिन्यात शरीरात शिरलेले हृदयकृमीचे डिंभ मारतात. त्यांतील सेलामेक्टिन मानेमागे त्वचेवर लावतात. ते पिसवांवरही चालते.

• पाण्याची भांडी रोज ओतून घासणे, पिंपे झाकणे, गटारे वाहती ठेवणे, खिडक्यांना बारीक जाळी लावणे.

• अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवणे आणि फटी व कोपरे वारंवार झाडणे.

दोन औषधांबाबत विशेष दक्षता आवश्यक असते. कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या काही पिसूनाशकांत परमेथ्रिन हे द्रव्य असते. मांजराच्या यकृताला त्याचे विघटन नीट करता येत नाही. अल्प मात्रेनेही तिला कंप व झटके येऊन मृत्यू येऊ शकतो. दुसरे औषध आयव्हरमेक्टिन. गुरांसाठी मिळणारे त्याचे इंजेक्शन फार तीव्र असते. अंदाजाने थेंब मोजून ते मांजराला दिल्यास मात्रा अनेक पटींनी चुकते आणि मज्जासंस्थेवर विषारी परिणाम होतो.

जव्हार व मोखाडा परिसर

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील आदिवासीबहुल तालुके आहेत. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मी. उंचीवर आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी हे येथील प्रमुख समाज असून भात, नागली व वरई ही मुख्य पिके आहेत. पाड्यांवरील कुडाच्या घरांत कणगीतल्या धान्याला उंदरांचा उपद्रव होतो; त्यामुळे मांजर येथे हौसेपेक्षा उपयोगासाठी पाळली जाते. ती घराच्या आत-बाहेर मोकळी फिरते, शिकार करते आणि कुत्री, गुरे व कोंबड्या यांच्या सहवासात राहते.

कीटकांच्या दृष्टीने या भागाचे ऋतुचक्र लक्षणीय आहे. वार्षिक पाऊस अडीच हजार मि.मी.हून अधिक पडतो. पावसाळ्यात भाताची खाचरे, डबकी आणि शेणखताच्या उकिरड्याभोवतीचे पाणी यांत डासांची पैदास होते. घोडमाशांचा उपद्रवही याच काळात वाढतो. उतारावरून पाणी वाहून गेल्याने उन्हाळ्यात याच पाड्यांवर टंचाई येते. मग टँकरचे किंवा दूरवरून आणलेले पाणी पिंपांत व हंड्यांत साठवले जाते. न झाकलेल्या अशा साठ्यात एडिस डास वाढतो. हिवाळ्यातही दिवसाचे सरासरी तापमान १४ अंशांच्या बरेच वर राहते. त्यामुळे डासातील डिंभांची वाढ थांबेल असा ऋतू येथे येत नाही आणि प्रतिबंधक औषध केवळ पावसाळ्यापुरते देणे अपुरे ठरते.

हिवताप नियंत्रणासाठी घरांच्या भिंतींवर कीटकनाशक फवारले जाते. फवारणीच्या वेळी मांजराला बाहेर ठेवावे, भिंती वाळल्यावरच आत घ्यावे आणि तिची खाण्या-पिण्याची भांडी झाकून ठेवावीत. फवारणीचे द्रव्य अंगावर पडले, तर मांजर ते चाटून गिळते.

पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य भार गाई-म्हशी व शेळ्यांचा असला, तरी मांजराची तपासणी तेथे करून घेता येते. राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. प्रगत तपासणीसाठी मुंबईतील परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आधार मिळू शकतो. ते १८८६ साली सुरू झाले. जव्हारपासून मुंबई सुमारे दीडशे किमी. अंतरावर असल्याने धाप लागलेल्या मांजराला तेथवर नेणे अनेकदा शक्य होत नाही. अशा ठिकाणी झाकलेले पिंप, स्वच्छ अंगण आणि वेळेवर दिलेले औषध यांचे महत्त्व शहरापेक्षा अधिक आहे.

मानवी आरोग्याशी संबंध

पालघर हा महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. तेथे डीईसी व अल्बेंडाझोल या औषधांच्या सामुदायिक मोहिमा घेतल्या जातात. हत्तीरोगाचा वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हा कृमीदेखील डासामार्फत पसरणारा तंतुकृमीच आहे. परंतु त्याचा स्वाभाविक पोषक केवळ माणूस आहे. मांजरामुळे तो पसरत नाही. आग्नेय आशियात आढळणाऱ्या ब्रुगिया मलायी या दुसऱ्या हत्तीरोगकृमीच्या काही प्रकारांत मात्र मांजर हा साठापोषक ठरतो.

डायरोफायलेरिया कृमी माणसाला अपघाताने होतात. इमिटिसचा डिंभ माणसाच्या फुप्फुसात मरून लहान गाठ तयार करतो. क्ष-किरण प्रतिमेत ती कर्करोगासारखी भासू शकते. रेपेन्स त्वचेखाली किंवा डोळ्याच्या श्वेतपटलावरील आवरणाखाली आढळतो. केरळ व कर्नाटकात असे रुग्ण नोंदले गेले आहेत. शस्त्रक्रियेने कृमी काढला, की रोग बरा होतो. हा संसर्ग मांजराला कुरवाळल्याने होत नाही. तो डासाच्या चाव्यातूनच होतो. पट्टकृमी लहान मुलांना पिसू चुकून गिळल्याने होतो.

या माहितीअभावी आजारी मांजराला घराबाहेर सोडून देण्याची प्रवृत्ती दिसते. त्याने कुटुंबाचा धोका घटत नाही, कारण डास व पिसवा तेथेच राहतात. प्राण्याला प्रतिबंधक औषध देणे आणि साठलेले पाणी काढून टाकणे हे उपाय मांजर व माणूस या दोघांचेही एकाच वेळी रक्षण करतात.